सांकेतिक भाषा आणि रेघांची वही: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

भारतीय सांकेतिक भाषा शिकायला सुरुवात करून मला आता आठ महिने झाले. या काळात मी मोबाइलवरील एक शिकवणी अ‍ॅप, भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा चित्रफितींचा शब्दकोश आणि एक रेघांची वही अशी तीन साधने वापरली. याशिवाय परिचयातील एका कर्णबधिर ताईंशी आठवड्यातून एकदा अर्धा तास बोलण्याची संधी मिळत गेली. त्यांना साधनांच्या यादीत बसवणे बरोबर नाही, पण त्या नसत्या तर आपण कुठे चुकतो आहोत हे मला कळलेच नसते. आपली प्रगती कशाने मोजावी याविषयी माझे मत या आठ महिन्यांत दोनदा बदलले, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

आधी अ‍ॅपविषयी. सुरुवातीचे तीन आठवडे मी त्यातील वर्णमाला मन लावून गिरवली आणि पहिल्याच भेटीत ताईंसमोर स्वतःचे नाव एका हाताने, बऱ्यापैकी वेगाने करून दाखवले. त्यांनी शांतपणे पाहिले आणि मग तेच नाव दोन्ही हातांनी सावकाश करून दाखवले. मी शिकलो होतो ती अमेरिकी वर्णमाला होती. आपल्याकडे इंग्रजी अक्षरे मुख्यतः दोन हातांनी दाखवतात. सांकेतिक भाषा जगभर एकच असते असा माझाही समज होता. प्रत्यक्षात अमेरिका आणि ब्रिटन या दोन्ही देशांत इंग्रजी बोलली जात असली, तरी तेथील सांकेतिक भाषा परस्परांना कळत नाहीत, कारण अमेरिकी सांकेतिक भाषेचे नाते ब्रिटिश भाषेशी नसून फ्रेंच सांकेतिक भाषेशी आहे. अ‍ॅपच्या पहिल्या पानावर आपण कोणत्या देशाची भाषा शिकवतो हे स्पष्ट लिहिले असते, तर माझे तीन आठवडे वाचले असते. नवशिक्याने सर्वप्रथम तपासायची गोष्ट हीच.

त्याच अ‍ॅपमध्ये पुढे भारतीय खुणांचा विभाग सापडला आणि मी तो चिकाटीने पूर्ण करू लागलो. सलग किती दिवस सराव झाला हे दाखवणारा आकडा ९६ पर्यंत गेला आणि ‘येणाऱ्या खुणा’ २४० झाल्या. या आकड्यांवर मी खूश होतो. मग एके दिवशी सहज, त्याच शब्दांच्या चित्रफिती शब्दकोशात उघडल्या. खाली लिहिलेला शब्द हाताने झाकून ५० खुणा पाहिल्या, तर त्यांतील जेमतेम २७ ओळखता आल्या. विचार केल्यावर कारण लक्षात आले. अ‍ॅपमध्ये मी खूण ओळखतच नव्हतो. निळ्या सदऱ्यातील शिक्षक दिसले की ‘शाळा’, ते किंचित डावीकडे उभे असले की ‘उद्या’, अशी चित्रफीत ओळखत होतो. शिवाय चार पर्यायांतून एक निवडायचा असल्याने दोन पर्याय आपोआप बाद होत. माणूस बदलला, सदरा बदलला आणि माझे ज्ञान निम्म्यावर आले.

शब्दकोशाविषयी तक्रार करण्यासारखे फारसे नाही. २०१८ मध्ये ३,००० शब्दांनिशी सुरू झालेला हा कोश २०२१ च्या तिसऱ्या आवृत्तीत १०,००० शब्दांपर्यंत पोहोचला, आणि रोजच्या वापरातील शब्द शोधताना मला क्वचितच रिकाम्या हाताने परतावे लागले. तरीही तो शब्दकोशच आहे, पाठ्यपुस्तक नव्हे. शिवाय प्रदेशानुसार खुणा बदलतात. ताईंच्या काही खुणा कोशातील खुणांपेक्षा वेगळ्या निघाल्या, तेव्हा मी आधी गोंधळलो आणि नंतर वहीत ‘कोशातील’ व ‘ताईंची’ असे दोन रकाने आखले. बोलताना मी ताईंचीच खूण वापरतो.

आता वहीविषयी, कारण सर्वाधिक उपयोग तिचाच झाला. चौथ्या महिन्यापासून प्रत्येक खुणेपुढे मी तीन रकाने ठेवले: करता येते, दुसऱ्याने केलेली ओळखता येते, प्रत्यक्ष बोलण्यात वापरली. पहिला रकाना झरझर भरतो, दुसरा रडतखडत आणि तिसरा महिनोन्महिने कोरा राहतो. नंतर चुकांचीही नोंद सुरू केली. विल्यम स्टोकी या अभ्यासकाने १९६० मध्ये अमेरिकी सांकेतिक भाषेच्या खुणांचे हाताचा आकार, हाताची जागा आणि हालचाल असे तीन घटक मांडले. पुढे तळहाताची दिशा हा चौथा घटक त्यांत धरला जाऊ लागला. मी खूण चुकली की नुसती फुली न मारता आकार, जागा, हालचाल, दिशा यांपैकी काय चुकले त्याचे आद्याक्षर लिहू लागलो. महिनाभराने पाने चाळली तर सगळीकडे ‘दि’ दिसत होता. आकार आणि हालचाल मी बघून उचलत होतो, पण तळहात आत की बाहेर याकडे माझे लक्षच जात नव्हते. आळस झटकून आणखी सराव करा, असे कोणी सांगितले असते तर मी तीच चूक आणखी वेळा घोटवली असती.

दर महिन्याच्या शेवटी मी स्वतःचे दोन मिनिटांचे चित्रीकरणही ठेवत आलो. पहिली फीत पाहणे लाजिरवाणे आहे: समोरच्या शिक्षकाचे आरशासारखे अनुकरण केल्यामुळे एकाच वाक्यात माझा मुख्य हात कधी उजवा, तर कधी डावा होतो आणि चेहरा मात्र बँकेच्या अर्जावरील छायाचित्रासारखा कोरा राहतो. चेहऱ्याचे महत्त्व मला ताईंमुळे कळले. ‘तुम्ही उद्या येणार?’ असे मी विचारले, तेव्हा त्यांनी नुसतीच मान हलवली आणि पुढच्या शब्दांची वाट पाहत राहिल्या. मी प्रश्न विचारला आहे हे त्यांना कळलेच नव्हते. त्यांच्या दृष्टीने मी ‘तुम्ही उद्या येणार’ असे जाहीर करून थांबलो होतो. मग त्यांनी आपले बोट स्वतःच्या भुवईवर टेकवले, भुवई वर उचलली, मान किंचित पुढे आणली आणि माझेच वाक्य मला परत करून दाखवले. हातांत काहीही बदलले नव्हते, तरी तो प्रश्न झाला होता.

वाक्यरचनेत मराठीचा फायदा होतो. प्रश्नवाचक खूण बहुधा शेवटी येते आणि नकारही क्रियेनंतर येतो, त्यामुळे ‘नाव काय’ किंवा ‘येत नाही’ असा क्रम आपल्याला परका वाटत नाही. अडचण होते ती ‘आहे’, ‘ला’, ‘ने’ यांच्यासाठी खुणा शोधण्याच्या सवयीमुळे. त्या नसतात, आणि विभक्तीचे बरेचसे काम जागेवर सोपवलेले असते. सहाव्या महिन्याच्या फितीत मी दोन भावांची आणि एका किल्लीची गोष्ट सांगितली आहे: थोरल्याला उजवीकडे ठेवले, धाकट्याला डावीकडे, आणि ‘दिली’ ही खूण उजवीकडून डावीकडे नेली. येथवर ठीक होते. तिसऱ्या वाक्यात कोणाला कुठे ठेवले तेच मी विसरलो आणि किल्ली धाकट्याकडून धाकट्याकडेच गेली. ताई बराच वेळ हसत होत्या.

किरकोळ बाबी थोडक्यात. चित्रीकरणासाठी एकरंगी कपडा आणि समोरून येणारा प्रकाश पुरतो. वीस मिनिटांच्या पुढे सलग पाहण्याने माझे डोळे शिणतात, म्हणून ओळखण्याचा सराव मी दोन वेळांत विभागला. चित्रफितीचा वेग कमी करण्याची सोय बोटांनी दाखवलेली अक्षरे वाचायला सुरुवातीला लागते, पण तिची सवय लागू देऊ नये. अक्षरे सुटी वाचण्याऐवजी पूर्ण शब्दाचा आकार पकडायला मी शिकलो तो मूळ वेगातच.

अ‍ॅप मी पाचव्या महिन्यात काढून टाकले. शब्दकोश आणि वही चालू आहे. वहीच्या शेवटच्या पानावर सध्या एकच आकडा ठेवतो: अर्ध्या तासाच्या गप्पांत ‘पुन्हा सांगा’ असे मी ताईंना किती वेळा म्हणालो. तिसऱ्या महिन्यात तो १४ होता, गेल्या शनिवारी ५. त्या पाचांपैकी तीन वेळा मी त्यांच्या एकाच भाचीचे नाव अक्षराअक्षराने वाचताना अडकलो होतो.