घर निळ्या पूररेषेत आहे का? पोस्टजीआयएसच्या वापराचा अनुभव

कोल्हापुरात 2019 आणि 2021 च्या महापुरांनंतर घर घेणारा माणूस पहिल्यांदा पूररेषेची, त्यातही निळ्या रेषेची, म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या हद्दीची चौकशी करतो. आमच्या सर्वेक्षण कार्यालयात तिचे उत्तर पोस्टजीआयएस या, पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये नकाशांची माहिती साठवणाऱ्या मोफत प्रणालीतून काढले जाते. मिळकतींचा थर (एका विषयाची नकाशावरची माहिती) एका सर्व्हरवर आणि पूररेषा दुसऱ्यावर असूनही पोस्टग्रेस एफडीडब्ल्यू या, दुसऱ्या सर्व्हरवरचे तक्ते इथून वाचू देणाऱ्या जोडणीमुळे दोन्हींवर एकत्र प्रश्न विचारता येतो. मात्र जोडताना एक्स्टेन्शन्सच्या पर्यायात पोस्टजीआयएसचे नाव घातले नाही, तर अंतराची चाळणी पलीकडच्या सर्व्हरवर न होता सगळ्या नोंदी इकडे ओढल्या जातात.

शुक्रवार पेठेतले एक घर निळ्या रेषेबाहेर असल्याचे उत्तर आले, तेव्हा मला धक्का बसला, कारण त्या घराच्या भिंतीवर 2019 च्या पाण्याची खूण अजून दिसते. तपासल्यावर कळले, की बाहेरून मिळालेल्या थरातले अक्षांश-रेखांशांचे आकडे भारतातल्या जुन्या नकाशांच्या एव्हरेस्ट पद्धतीचे होते आणि त्यावर लेबल (आकडे कोणत्या पद्धतीचे हे सांगणारा क्रमांक) जीपीएसच्या डब्ल्यूजीएस 84 पद्धतीचे लावलेले होते. त्यामुळे अख्खी गल्ली शंभराहून अधिक मीटर आग्नेयेला, म्हणजे पंचगंगेपासून दूर सरकली होती. दोन थरांची लेबले वेगळी असतील तर पोस्टजीआयएस प्रश्न नाकारते, पण चुकीचे लेबल तिला ओळखता येत नाही. आधी एसटी_सेटएसआरआयडी या आज्ञेने खरे लेबल द्यायचे आणि मग एसटी_ट्रान्सफॉर्मने आकडे नव्या पद्धतीत बदलायचे. हा क्रम चुकला की पुढचे सगळे चुकते.

लेबल दुरुस्त झाले तरी जुन्या गाव नकाशातल्या हद्दी काही मीटर इकडे-तिकडे राहतातच. म्हणून आम्ही दोन आकार एकमेकांना भिडतात का हे सांगणाऱ्या एसटी_इंटरसेक्ट्सच्या हो-नाहीवर न थांबता, दोन्ही थरांच्या संभाव्य चुकांची बेरीज करून तेवढे अंतर, दोन आकार ठरावीक अंतराच्या आत आहेत का हे पाहणाऱ्या एसटी_डीविदिनला देतो आणि घरांची आत, बाहेर व संशयित अशी विभागणी करतो. अंतर मीटरमध्ये मिळावे म्हणून दोन्ही थर यूटीएम 43 उत्तर या मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीत आणावे लागतात, नाहीतर 8 मीटरसाठी दिलेला 8 हा आकडा 8 अंश समजला जातो. एसटी_स्नॅप या आज्ञेने एका थराच्या रेषा दुसऱ्याकडे ओढून जुळवणे मला मान्य नाही, कारण त्यात लोकांच्या मिळकतीची हद्द बदलते.

कोणत्या थराची अचूकता किती, हे नोंदवण्याची तयार सोय पोस्टजीआयएसमध्ये नाही, ती मला सर्वांत मोठी उणीव वाटते. आम्ही प्रत्येक तक्त्यात त्यासाठी वेगळा रकाना ठेवला आहे आणि संशयित घरांची मोजणी जागेवर जाऊन करतो.