कागद देखणे, मजकूर उसना: नव्या पेठेतली नामांकन सेवा

सोलापूरच्या नव्या पेठेतल्या या डीटीपी सेंटरात पुरस्कारांचे प्रस्ताव तयार करून मिळतात. आदर्श शिक्षक, समाजभूषण यांच्या फायली तिथं रोज बनतात. होटगी रोडवरून विमान सुटायला लागल्यावर गावाला हवाई पदकांचाही नाद लागला असावा, कारण आता ते एफएआयची, म्हणजे आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघाची, नामांकनंही करून देतात. टायपिंग-स्कॅनिंगला पैकीच्या पैकी गुण. मजकुराला दहापैकी तीन.

स्कॅन ३०० डीपीआयवर होतं आणि सगळी पानं क्रमानं एकाच पीडीएफमध्ये येतात. श्रीलिपी फाँटात टाइप केलेली जुनी शिफारसपत्रं ते युनिकोडमध्ये करून देतात, नाहीतर दुसऱ्याच्या संगणकावर अक्षरांचा नुसता चिवडा होतो. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा तर 'मालक, डॉक्युमेंट म्हणून टाका' असं आपण होऊन सांगतात. नाव पासपोर्टशी ताडून बघतात, हे तर विशेषच. 'श्रीनिवास'मधला 'व' एका दाखल्यावर व्ही आणि दुसऱ्यावर डब्ल्यू असेल, तर तो काउंटरवरच पकडला जातो.

गाडी अडते ती पदक निवडताना. 'सुवर्ण' शब्द दिसला की तोच अर्ज पुढं सरकवला जातो. एफएआयचं सुवर्ण हवाई पदक १९२४ साली सुरू झालं. ते एकूण विमानविद्येच्या विकासात फार मोठी भर घालणाऱ्यांसाठी आहे. शाळेच्या मैदानावर वर्षानुवर्षं मुलांना बाल्साच्या हलक्या लाकडाची छोटी विमानं उडवायला शिकवणाऱ्या माणसासाठी फ्रँक एहलिंग डिप्लोमा आहे. मॉडेलमध्ये नवं तंत्र आणलं असेल तर अँटोनोव्ह डिप्लोमा, हवाई-अंतराळ शिक्षणासाठी नाईल सुवर्णपदक, ग्लायडिंगसाठी लिलिएंथाल पदक, बलूनसाठी माँगोल्फिए डिप्लोमा. हवाई क्रीडेची निष्ठेनं सेवा केलेल्यांसाठी १९५२ पासूनचा पॉल तिसांदिए डिप्लोमा आहे, आणि आपल्याकडच्या बहुतेकांना तोच शोभेल. यातलं कुठलं हवं ते ठरवूनच दुकानात पाऊल टाका.

दुसरा घोळ मजकुराचा. समाजभूषणच्या साच्यातलं 'अष्टपैलू व्यक्तिमत्त्व, मोलाचं योगदान' इथंही जसंच्या तसं उतरतं आणि मशीन भाषांतरानं इंग्रजीत जातं. त्यात 'विमानाची प्रतिकृती'चं 'रेप्लिका' झालं. रेप्लिका म्हणजे शोकेसमधली वस्तू. उडणाऱ्याला 'फ्लाइंग मॉडेल'च म्हणायला हवं. वाचणाऱ्याला विशेषणं नकोत, हिशेब हवा: ५० मीटर दोरीनं ओढून सोडायचं एफ१ए गटातलं मॉडेल ग्लायडर किती मुलांना शिकवलं, कोणत्या वर्षांत, त्यातली किती राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोचली. प्रत्येक आकड्यामागे एक कागद. आकड्याला पुरावा नसेल तर आकडाच काढून टाका. फोटोही फेटा-शाल-श्रीफळाचा नको, मैदानात हातात मॉडेल धरलेला द्या.

सगळ्यात महागात पडणारी चूक लिफाफ्यावर असते. दुकानदार बेधडक लोझानचा पत्ता टाकतो, कारण एफएआयचं कार्यालय स्वित्झर्लंडमध्ये लोझानला आहे. पण कुणा एकट्या-दुकट्याचं नामांकन तिथं थेट चालत नाही. ते देशातल्या सदस्य संस्थेमार्फत, आपल्याकडे दिल्लीच्या एअरो क्लब ऑफ इंडियामार्फत, जावं लागतं. म्हणजे रंगीत स्पायरल पुस्तक परदेशी कुरिअर केलं तर खर्च पाण्यात. त्या वर्षीची अंतिम तारीख बघून दिल्लीच्या सहीसाठी निदान महिनाभर हाताशी ठेवा. प्रत्येक पदकाचा अर्ज वेगळा असतो, एकाच फाइलवर दोन पदकांची नावं टाकू नका.

थोडक्यात, मजकूर घरून पक्का करून न्या आणि त्यांच्याकडून फक्त टाइप, स्कॅन, पीडीएफ करून घ्या. दुपारनंतर शाळांच्या फायलींची झुंबड असते, अकराच्या आत गेलेलं बरं. आणि बाइंडिंग नको हे आधीच सांगा. गप्प बसलात तर ते करूनच ठेवतात.