रीपर ७ आणि विंडोज ११: घरच्या रेकॉर्डिंगला कितपत चालतात?

घाईत असलेल्यांसाठी आधीच सांगून टाकतो: रेकॉर्डिंग आणि एडिटिंगचं सॉफ्टवेअर म्हणून रीपर घ्या. विंडोज ११वर जायलाही हरकत नाही, फक्त तुमच्या ऑडिओ इंटरफेसच्या (माईकचा आवाज संगणकात नेणाऱ्या डब्याच्या) कंपनीने त्यासाठी ड्रायव्हर, म्हणजे तो डबा विंडोजशी जोडून देणारा प्रोग्रॅम, दिलाय का ते आधी बघा. दिला नसेल तर थांबा.

माझं काम छोटं आहे. शास्त्रीय गाणं, अभंग, तबला-पेटीची साथ आणि अधूनमधून मराठी ऑडिओबुकचं वाचन. गायकाला एक माईक, पेटीला एक, डग्ग्या-तबल्याला दोन, तानपुऱ्याला एक आणि खोलीचा एक असे सहा ट्रॅक झाले की मैफल भरली. सिंथ, बीट्स, लूप्स यांच्याशी माझा संबंध नाही. तुमचा असेल तर माझी निम्मी मतं तुम्हाला लागू पडणार नाहीत.

रीपर बनवणारी कंपनी कॉकोस. तिचा संस्थापक जस्टिन फ्रँकेल म्हणजे संगणकावर गाणी ऐकायच्या जुन्या विनअँपचा कर्ता, आणि त्या जुन्या सुटसुटीतपणाची खूण इथेही दिसते. सेटअपची फाइल काही मोजक्या एमबींची, उघडायला वेळ नाही. ६० दिवस पूर्ण सॉफ्टवेअर वापरून बघता येतं, त्यात कुठलीही सोय कुलूपबंद नाही. मग वैयक्तिक वापराला किंवा छोट्या व्यवसायाला ६० डॉलर, म्हणजे साधारण पाच हजार रुपये. वर्षाची उलाढाल २०,००० डॉलरच्या वर गेली तर २२५ डॉलर. तितकी कमाई झाली तर आनंदाने देईन.

आपल्या संगीताला हे सॉफ्टवेअर मानवतं, कारण ते मेट्रोनोमचा हट्ट धरत नाही. विलंबित एकतालात लय हळूहळू चढत जाते, ती कुठल्याही ग्रिडमध्ये बसत नाही. रीपरमध्ये ग्रिड (ठोक्यांच्या आखीव रेघा) आणि स्नॅप (तुकडे त्या रेघांना आपोआप चिकटणं) बंद करायचे आणि कानाने काम करायचं. दोन टेक, म्हणजे एकाच गाण्याची दोन वेळची रेकॉर्डिंगं, जोडायचे झाले तर समेच्या थोडं आधी सगळे ट्रॅक एकत्र कापतो. एकाच खोलीत वाजवल्यामुळे तबला गायकाच्या माईकमध्येही शिरलेला असतो. एकटा आवाजाचा ट्रॅक कापला तर ठेक्याची सावली मागे राहते आणि जोड उघडा पडतो. सगळे ट्रॅक गटात बांधून कापले आणि क्रॉसफेड (एक तुकडा विरत दुसरा उमटतो तो सांधा) कानाने पुढेमागे केला, तर तानपुऱ्याच्या आसेतसुद्धा जोड कळत नाही. सातव्या आवृत्तीत एका ट्रॅकमध्ये टेकचे थर एकाखाली एक मांडता येतात. अभंगाचा कुठला चरण कुठल्या टेकमधून घ्यायचा हे ठरवणं त्याने फार सोपं झालं.

लेहऱ्याचंही तेच. काळी एकमध्ये पेटीवर वाजवून ठेवलेला लेहरा पांढरी दोनला हवा असेल तर तो तुकडा निवडून शिफ्ट-शून्य दाबायचं, अर्धा स्वर वर जातो, लय तीच राहते. एक-दोन पट्ट्यांपर्यंत पेटी पेटीच वाटते, त्यापुढे भाता आजारी असल्यासारखा आवाज येतो. ऑडिओबुकला रिपल एडिटिंग हा मोठा आधार आहे: खोकला, अडखळलेलं वाक्य, बाहेरून गेलेली रिक्षा कापली की त्यानंतरचं सगळं वाचन आपोआप सरकून फट भरून काढतं. फाइल बाहेर काढतानाच लाउडनेस नेमून देता येतो, वेगळं सॉफ्टवेअर उघडावं लागत नाही.

आता उणी बाजू. दिसायला रुक्ष. सोबतचे इक्वलायझर, कॉम्प्रेसर वगैरे प्लगइन (आवाजावर प्रक्रिया करणारे जोड-प्रोग्रॅम) कामाचे आहेत, पण त्यांचं रूप सरकारी फॉर्मसारखं. सेटिंग्जचं जंगल तर विचारू नका. एखादी गोष्ट करायचे चार मार्ग असतात आणि नवख्याला पाचवाच सापडतो. वाद्यांचे आवाज सोबत जवळजवळ नाहीतच, त्यामुळे घरबसल्या कीबोर्डवर ऑर्केस्ट्रा उभा करायचा असेल तर वेगळा खर्च आलाच. शिकायला केनी जॉइया यांचे इंग्रजी व्हिडिओ उत्तम आहेत. मराठीत इतकं सविस्तर काही माझ्या पाहण्यात आलेलं नाही.

विंडोजकडे येतो. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला, तेव्हा लॅपटॉप ११वर नेला. आठव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर असल्याने तो पात्र ठरला. अपग्रेड जुन्या डिस्कवर केलं नाही. नवी एसएसडी घेऊन तिच्यावर जुन्या सिस्टिमची हुबेहूब प्रत केली, अपग्रेड तिच्यावर केलं आणि मूळ डिस्क काढून कपाटात ठेवली. विंडोजमध्ये मागे फिरायची सोय आहे, पण तिची मुदत एरवी १० दिवसांची. आपल्यासारख्याला एवढ्या काळात एक धड मैफलही रेकॉर्ड करायला मिळत नाही.

पहिली शंका सगळ्यांनाच येते: प्रोसेसरवर ताण १५ टक्के, तरी आवाजात मध्येच ‘कट्’ का होतं? टास्क मॅनेजरमधला आकडा सरासरीचा असतो. रेकॉर्डिंगला सरासरी नको, प्रत्येक हप्ता वेळेवर हवा. आवाज संगणकात छोट्या तुकड्यांनी ये-जा करतो, त्या तुकड्याच्या मापाला बफर म्हणतात. ४८ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला आवाजाची ४८,००० मोजमापं (सॅम्पल) घेताना, १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे सुमारे २.७ मिलिसेकंद. तेवढ्यात पुढचा तुकडा तयार झालाच पाहिजे. त्याच वेळी एखाद्या ड्रायव्हरने आपल्या तातडीच्या कामासाठी प्रोसेसर दोन-तीन मिलिसेकंद अडवून धरला, तर रीपरसकट सगळ्या प्रोग्रॅमना ताटकळावं लागतं. विंडोजमध्ये ड्रायव्हरच्या या तातडीच्या कामाला डीपीसी म्हणतात आणि साध्या प्रोग्रॅमपेक्षा त्याचा मान वरचा. लेटन्सीमॉन हे मोफत साधन नेमका कोण अडवतोय ते फाइलच्या नावासकट दाखवतं. माझ्याकडे वायफायचा ड्रायव्हर निघाला. रेकॉर्डिंगच्या वेळी वायफाय बंद, पॉवर प्लॅन ‘हाय परफॉर्मन्स’वर, लॅपटॉप चार्जरला जोडलेला, एवढं केल्यावर अख्ख्या बैठकीत एकही खुट्ट नाही. पण ही परीक्षा दोन मिनिटांची घेऊ नका. तासभर सगळे ट्रॅक चालू ठेवून नुसती शांतता रेकॉर्ड करा आणि मग बोला.

बफर किती ठेवायचा यावर लोक उगाच भांडतात. आवाज हवेत एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे १० मिलिसेकंदांचा उशीर तबल्यापासून साडेतीन मीटर लांब बसण्याइतकाच. साथीला ते चालून जातं, पण स्वतःचा हात आणि हेडफोनमधला ठोका यांत तेवढं अंतर पडलं की वाजवणारा बिथरतो. “अहो, माझी ‘ता’ मलाच मागून ऐकू येतेय,” असं आमचे तबलजी म्हणाले होते, तेव्हा बफर २५६वर होता आणि आवाज सॉफ्टवेअरमधून फिरून येत होता. आत जायला ५.३ मिलिसेकंद, बाहेर यायला तेवढेच, वर इंटरफेसचा स्वतःचा वेळ. इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरिंगचं बटण दाबलं, म्हणजे माईकचा आवाज संगणकात न फिरता थेट हेडफोनमध्ये येऊ लागला, प्रश्न मिटला. मग बफर ५१२ ठेवला तरी कुणाला पत्ता लागत नाही. मिक्सिंगला तर रीपर रेकॉर्डला न लावलेल्या ट्रॅकची प्रक्रिया थोडी आधीच उरकून ठेवतो, त्यामुळे प्लगइनचा ढीगही फार जड जात नाही.

खरा मनस्ताप जुन्या इंटरफेसने दिला. माईकचा आवाज वाढवणारा त्यातला प्री-अँप अजून उत्तम, पण कंपनीने ड्रायव्हर केव्हाच वाऱ्यावर सोडलेला. विंडोज ११च्या सुरक्षेतलं ‘मेमरी इंटिग्रिटी’ हे सेटिंग चालू असेल तर तो ड्रायव्हर चढतच नाही. ते बंद करून चालवता येतं, पण ज्या लॅपटॉपवर बँकेचे व्यवहार होतात तिथे मी ते करणार नाही. लॅपटॉपला नवा इंटरफेस घेतला, आणि घेताना आधी बघितलं की तो यूएसबी ऑडिओच्या सर्वसाधारण मानकावरही चालतो, म्हणजे उद्या कंपनीने हात वर केले तरी मॅक किंवा लिनक्सवर तो मुका होणार नाही. रीपर लिनक्सवरही आहेच.

एक बारीक गोष्ट कुणी सांगत नाही. रीपर मुळात डॉक्युमेंट्समधल्या फोल्डरमध्ये रेकॉर्ड करतो, आणि विंडोज ११ डॉक्युमेंट्सचा बॅकअप वनड्राइव्हवर घ्यायला फार उत्सुक असतं. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झचा एक मोनो ट्रॅक तासाला सुमारे ५२० एमबी होतो. सहा ट्रॅक, दोन तास: सहा जीबींच्या वर. मोफत जागा ५ जीबी. रेकॉर्डिंगचं फोल्डर वेगळ्या डिस्कवर हलवा, आणि अपडेट बैठकीच्या आधी पुढे ढकला. पाच आठवड्यांपर्यंत ढकलता येतात.

मॅकवाले मित्र हे वाचून हसतील. हसू द्या. २०१९च्या कॅटालिना या मॅकओएसच्या आवृत्तीने ३२ बिटचे सगळे प्लगइन एका फटक्यात बंद केले, तेव्हा त्यांचे चेहरे मी पाहिलेत. विंडोजवर रीपर अजूनही जुने ३२ बिट प्लगइन सांभाळून घेतो. मॅकमधल्या कोअर ऑडिओ या आवाजाच्या यंत्रणेची घडी मात्र छान बसलेली आहे, इंटरफेस लावला की आवाज येतो, हे मान्य करायलाच हवं.

घरात चौथ्या पिढीच्या प्रोसेसरचा एक टॉवर आहे, तो ११ला पात्र नाही. त्यावर विंडोज १०च ठेवलंय, नेटची वायर काढलीय, आणि तो जुना इंटरफेस तिथे मजेत आहे. रीपरचा वैयक्तिक परवाना दोन्हीकडे चालतो, एका वेळी एकच वापरायचा. सातव्या आवृत्तीवर घेतलेला परवाना ८.९९पर्यंत पुरतो, तेव्हा इतक्यात पुन्हा पैसे काढायची वेळ येणार नाही.