जुन्या धाटणीची गाडी: ड्रम ठेवायचे की डिस्क बसवायच्या? आधी हब बघा

पुढचे ड्रम ब्रेक (फिरणाऱ्या डब्याला आतून दाबणारे) काढून डिस्क ब्रेक (फिरणाऱ्या चकतीला दोन्ही बाजूंनी चिमटणारे) बसवावेत का, हा प्रश्न जुन्या गाडीच्या मालकाला कधी ना कधी पडतोच. माझं ठाम म्हणणं असं, की निर्णयाची सुरुवात हबपासून, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागापासून करा. चाक हबवर, ड्रम किंवा डिस्क हबवर, आणि हब बेअरिंगवर. बेअरिंगला प्रमाणाबाहेर खेळ (ढिलेपणा) असेल तर डिस्क फिरताना डुलते, तिला चिमटणारे पॅड मागे ढकलले जातात आणि पुढच्या वेळी ब्रेक दाबताना पेडल खोल जातं. मग मास्टर सिलिंडर (पेडलचा जोर ब्रेकच्या तेलाला देणारा) बदला नाहीतर ब्रेकच्या पाइपांतली हवा चार वेळा काढा, फरक पडत नाही.

जुन्या गाड्यांत पुढच्या हबला बहुधा दोन टेपर (निमुळत्या) रोलर बेअरिंग असतात. त्यांचा खेळ जुळवता येतो, ग्रीस बदलता येतं, आणि हेच त्यांचं मोठेपण. चाक हाताने फिरवत मधला नट आवळायचा, मग सैल करून कंपनीने सांगितलेला खेळ ठेवायचा आणि नट जागेवर धरणारी नवी कॉटर पिन घालायची. काही गाड्यांत हा खेळ शिम (पातळ चकत्या) घालून जुळवतात, तिथे नट सैल ठेवणं चुकीचं. आधुनिक सीलबंद हबला यातलं काहीच लागत नाही, पण आवाज येऊ लागला की अख्खा हबच बदलावा लागतो. स्वतः हात काळे करायची तयारी असेल तर टेपरच ठेवा.

चाक कसं बसतं यातही दोन तऱ्हा. स्टड (हबवरचे बोल्ट) आणि नटांचं साधं चाक कमी कटकटीचं. तारांच्या चाकाला आतून दातेरी स्प्लाइन असतात आणि मधोमध एकच मोठा नट, म्हणजे स्पिनर. नेहमीच्या इंग्लिश गाड्यांत डाव्या बाजूच्या स्पिनरचे आटे सरळ आणि उजव्या बाजूचे उलटे असतात, म्हणजे गाडी पुढे जाताना नट आवळला जातो. हब अदलाबदल होऊन चुकीच्या बाजूला बसले तर हाच नट सुटत जातो. तेव्हा गाडी विकत घेताना स्पिनर काढायलाच लावा आणि हबच्या दात्यांवरून बोट फिरवा. चांगल्या दात्याचा माथा सपाट लागतो, झिजलेला सुरीच्या पात्यासारखा. गाडी पुढे-मागे घेताना ‘टक्’ असा आवाज येत असेल तर तेही बहुधा याच झिजेचं लक्षण. झिजलेल्या हबवर नवं चाक चढवू नका, नव्या चाकाचे दातेही तो खातो.

आता ब्रेक. ड्रममध्ये पुढचा शू (आतून दाबणारी कमान) ड्रमच्या फिरण्यामुळेच आणखी घट्ट दाबला जातो. म्हणून बूस्टर (पायाच्या जोराला मदत करणारा भाग) नसतानाही पायाला हलका ब्रेक मिळतो. हँडब्रेकही ड्रमला सोपा आणि पक्का बसतो. कमकुवत बाजू म्हणजे उष्णता. लांब उतारावर ड्रम तापून फुगतो, शूपासून लांब जातो, शूवरच्या लायनरची (घासणाऱ्या पट्टीची) पकड कमी होते आणि पेडल खाली जात राहतं. डिस्क उघड्यावर असल्याने लवकर थंड होते, पाणी झटकून टाकते, आणि तापली तरी पॅडपासून लांब जात नाही. 1953 साली फ्रान्समधली ले माँची शर्यत जग्वार सी-टाइपने डनलॉपच्या डिस्क ब्रेकवर जिंकली. 1955च्या सिट्रोएन डीएसला पुढे डिस्कच होत्या.

तरी डिस्क म्हणजे फुकटचा फायदा नव्हे. डिस्कला ड्रमसारखी स्वतःहून आवळण्याची मदत नसते, म्हणून पाय जास्त दाबावा लागतो किंवा बूस्टर घालावा लागतो. मास्टर सिलिंडरचा व्यास जुळवावा लागतो. ड्रमच्या लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. तो डिस्कच्या लाइनमध्ये तसाच राहिला तर पॅड चिकटलेले राहून डिस्क तापते. मागच्या ब्रेकचं प्रमाणही बघावं लागतं, नाहीतर जोरात ब्रेक मारल्यावर मागची चाकं आधी जाम होतात आणि गाडी फिरते.

गाडी सुट्टीच्या दिवशी सपाट रस्त्यावर निवांत फिरणार असेल तर ड्रमच ठेवा, मात्र गोल घासलेले, नवे लायनर, न गळणारे व्हील सिलिंडर (शू दाबणारे) आणि नीट जुळवलेले. उतार, जड रहदारी किंवा ताकद वाढवलेलं इंजिन असेल तर पुढे डिस्क, मागे ड्रम. चारही चाकांना डिस्क मी तरी सुचवणार नाही. मागे तेवढं काम नसतं आणि हँडब्रेकचं दुखणं वाढतं. दोन्हींपेक्षा आधी करायचं काम वेगळंच आहे: गाडीला एकाच सर्किटचा मास्टर सिलिंडर असेल तर तो दुहेरी करून घ्या. एकेरीत एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक जातात.

डिस्कचं किट मागवण्याआधी कॅलिपर (पॅड धरणारा भाग) चाकाच्या आत मावतं का ते मोजा. काही किटमध्ये हबची चाक टेकतं ती बाजू बाहेर सरकते आणि वळताना टायर मडगार्डला घासतो. जुने शू काढताना धूळ फुंकू नका, हवेनेही उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्यानेच पुसा.