अ‍ॅप दाखवायला फिगमा की पॉवरपॉइंट?

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारखानदाराला ऑर्डर घ्यायचं अ‍ॅप बनवण्याआधी त्याचा नमुना दाखवायचा असेल तर आधी एवढंच ठरवा: समोरचा नुसता बघणार आहे, की बोट लावणार आहे? बोट लावणार असेल तर फिगमा, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारं स्क्रीन डिझाइनचं सॉफ्टवेअर. दर आणि मुदत बघून फाइल भागीदाराला पाठवणार असेल तर पॉवरपॉइंट किंवा गूगल स्लाइड्स. फिगमात पैसे डिझाइन करणाऱ्यांपुरतेच मोजा. नुसतं बघायला आणि कॉमेंट टाकायला ते लागत नाहीत. अ‍ॅडोबी एक्सडीच्या वाटेला नव्या टीमने जाऊच नये, फिगमासारख्याच या सॉफ्टवेअरची वाढ थांबली आहे.

पॉवरपॉइंटवर आठ-दहा स्क्रीनचं अ‍ॅप लिंका जोडून छान दाखवता येतं. घोळ होतो तो बटणाच्या बाजूला बोट पडल्यावर: लगेच पुढची स्लाइड येते. ‘सेट अप स्लाइड शो’मध्ये ‘ब्राउज्ड अ‍ॅट अ कियॉस्क’ निवडलं की लिंक सोडून कुठेही दाबा, काही हलत नाही. मॉर्फमध्ये (एका स्लाइडवरची वस्तू सरकत पुढच्या स्लाइडवर नेणाऱ्या ट्रान्झिशनमध्ये) वस्तू भलतीकडे जात असेल तर दोन्ही स्लाइडवर तिला !! ने सुरू होणारं एकच नाव द्या. पंधरा-वीस स्क्रीन झाल्या की मात्र फिगमाच हवं. तिथे बटण कंपोनंट (पुन्हा पुन्हा वापरायचा मूळ साचा) केलं की एका जागी बदललं, सगळीकडे बदललं. स्मार्ट अ‍ॅनिमेट (फिगमातलं मॉर्फसारखं ट्रान्झिशन) न चालता नुसतं फिकट होऊन बदलत असेल तर दोन फ्रेममधल्या, म्हणजे दोन स्क्रीनमधल्या, लेयरची नावं किंवा रचना जुळत नाही का ते आधी बघा.

फिगमाच्या मोफत खात्यात जुन्या आवृत्त्या ३० दिवसच मिळतात. गणपतीत पसंत केलेलं डिझाइन गिऱ्हाईक दिवाळीनंतर परत मागतं, म्हणून मंजुरीच्या दिवशीच फाइलची वेगळी कॉपी करून ठेवा.

खरी कसोटी मराठी मजकुराची. डीटीपीवाल्याकडून आलेला श्रीलिपीचा (युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टचा) जुना मजकूर तसाच पेस्ट केला तर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. आधी युनिकोड करून घ्या. मुक्ता किंवा तिरो देवनागरी मराठी हे फॉन्ट फिगमा आणि गूगल स्लाइड्स दोन्हीकडे मिळतात. मराठी वळणाचे ल आणि श हवे असतील तर तिरो घ्या. पॉवरपॉइंटमध्ये फॉन्ट आधी मशिनवर टाकावा लागतो, आणि ऑप्शन्समधल्या ‘सेव्ह’खाली ‘एम्बेड फॉन्ट्स’वर टिक नसेल तर दुसऱ्याच्या लॅपटॉपवर वेगळाच फॉन्ट येऊन मांडणी विस्कटते. लेटर स्पेसिंग (अक्षरांमधलं अंतर) शून्यच ठेवा, नाहीतर शिरोरेघ तुटते. लाइन हाइट (ओळीची उंची) फॉन्टच्या आकाराच्या १५० टक्क्यांच्या आसपास ठेवली की वरचा रफार आणि खालचा उकार एकमेकांना भिडत नाहीत. ‘सेव्ह’चं ‘जतन करा’ झालं की ठरावीक रुंदीच्या बटणातून अक्षरं बाहेर येतात. फिगमात ऑटो लेआउट लावून रुंदी ‘हग कंटेंट्स’वर ठेवा, म्हणजे बटण मजकुराप्रमाणे रुंद होतं.

शिरोली एमआयडीसीत पत्र्याच्या शेडखाली रेंज गेली तर फिगमाची लिंक उघडणारच नाही, आणि पीडीएफ काढली तरी प्रोटोटाइपच्या (बोट लावून चालणाऱ्या नमुन्याच्या) हालचाली त्यात येत नाहीत. इथे पॉवरपॉइंटच तारतं. मुख्य सहा स्क्रीन फिगमातून २एक्स (दुप्पट आकाराच्या) पीएनजी चित्रं काढून स्लाइडवर लावा, बटणांवर पारदर्शक चौकोन ठेवून त्यांना लिंका द्या, कियॉस्क लावा आणि ती फाइल पेन ड्राइव्हवर घेऊनच निघा.