घरबसल्या लर्निंग लायसन्स: सहा महिने उलटल्यावरचं मत

परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवरून आधार वापरून घरीच लर्निंग काढायची सोय महाराष्ट्रात 2021 पासून आहे. लर्निंग हातात पडतं त्या दिवशी या सोयीला पाचपैकी पाच द्यावेसे वाटतात. पक्कं लायसन्स मिळेपर्यंतचा सगळा प्रवास धरला तर मी साडेतीन देईन. अर्धा गुण शेवटी परत मिळाला, त्याचं कारण पुढे येईल.

चांगलं आधी सांगते. आधारला मोबाईल जोडलेला असेल तर नाव, पत्ता, जन्मतारीख, फोटो सगळं तिथूनच येतं. सही तेवढी अपलोड करावी लागते आणि ती 20 केबीच्या आत बसवावी लागते. पांढऱ्या कागदावर काळ्या पेनने सही करा, जवळून कापून घ्या, मग आकार कमी करा. पूर्ण पानाचा फोटो दाबून लहान केला तर सही पुसट होते आणि पुढे कार्डावरही तशीच छापली जाते. परीक्षेआधीचा रस्ता सुरक्षेचा व्हिडिओ नीट बघा. प्रश्न 15, पास व्हायला 9 बरोबर. बहुतेक चुका चिन्हांच्या प्रश्नांत होतात, विशेषतः 'थांबण्यास मनाई' आणि 'पार्किंगला मनाई' यांत. नापास झालात तर 50 रुपये भरून दुसऱ्या दिवशी पुन्हा देता येते. एवढ्यासाठी एजंटला एक रुपयाही देण्याची गरज नाही.

आता माझी खरी तक्रार. लर्निंग इतक्या सहज मिळतं की लोक गाडी शिकायला सुरुवात करण्याआधीच ते काढून ठेवतात. घड्याळ मात्र त्याच दिवशी सुरू होतं. लर्निंग सहा महिने चालतं, पक्क्यासाठी पहिले 30 दिवस थांबावंच लागतं, आणि गाडी चालवण्याच्या चाचणीच्या दिवशी लर्निंग चालू असलंच पाहिजे. त्यात चाचणीत नापास झाल्यावर सात दिवस थांबावं लागतं. तीनदा नापास झालात तर शेवटच्या चाचणीपासून 60 दिवस पुन्हा बसता येत नाही.

हे तारखांवर मांडून बघा. लर्निंग 1 जानेवारीचं असेल तर ते जूनअखेर संपतं. पहिली चाचणी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात दिली आणि महिनाअखेरपर्यंत तीनदा नापास झालात, तरी 60 दिवस एप्रिलअखेर संपतात आणि हातात दोन महिने उरतात. तीच पहिली चाचणी मेच्या मध्यावर दिली तर तिसऱ्या नापासीनंतरचे 60 दिवस जुलैअखेरीपर्यंत किंवा ऑगस्टमध्ये जातात. तोवर लर्निंग संपलेलं, फी गेलेली, परीक्षा पुन्हा, वर नव्याने 30 दिवस. शिवाय सात दिवस हा कागदावरचा आकडा झाला. स्लॉट मिळेल तेव्हाच चाचणी. सुट्टीच्या महिन्यांत स्लॉट झपाट्याने भरतात. म्हणून एकतिसाव्या दिवशी अर्ज भरा आणि हात बसलेला असेल त्या आठवड्याचा स्लॉट धरा. गाडी हातात नसेल, क्लास लावलेला नसेल, तर लर्निंग काढूच नका. माझ्या मते अर्ज करण्याआधी ही तारखांची आकडेमोड ठळकपणे समोर यायला हवी.

पैशाची दुसरी गळती वाहनप्रकार निवडताना होते. स्कूटर चालवायची म्हणून 'विदाउट गिअर'वर टिक केली तर पुढे बाईकसाठी नवं लर्निंग, नवी चाचणी आणि प्रकार वाढवण्याचे 500 रुपये. 'विथ गिअर'मध्ये स्कूटर येतेच, उलट मात्र चालत नाही. कारही वर्षभरात शिकायची असेल तर आत्ताच दोन्ही घ्या. लर्निंगला प्रत्येक प्रकाराचे 150, पक्क्याला प्रत्येक चाचणीचे 300, लायसन्सचे 200, त्यावर स्मार्ट कार्ड आणि टपाल वगैरे. नापास झालात तर त्या प्रकाराचे 300 पुन्हा.

चाचणीला 'विथ गिअर'साठी गिअरचीच बाईक न्या, हेल्मेटसकट. आरसी, विमा, पीयूसी तिन्ही चालू हवीत. पीयूसी संपलेली असल्याने परत पाठवलेली माणसं नेहमी दिसतात. पांढऱ्यावर लाल 'एल' पुढे-मागे दोन्हीकडे लावा: पाटी किमान 18 सेंटिमीटर चौरस, अक्षर 10 सेंटिमीटर उंच. कार ट्रॅकपर्यंत चालवत नेत असाल तर शेजारी लायसन्सवाला हवाच. बाईकने आठचा आकडा काढताना पाय टेकला की संपलं. पाय टेकतो तो वेग फार कमी केल्यामुळे: पहिल्या गिअरमध्ये एकसारखा हलका थ्रॉटल ठेवा, मागचा ब्रेक जरासा दाबून ठेवा, नजर चाकावर नको, वळणाच्या पुढे हवी. कारच्या चाचणीत रिव्हर्सची तयारी सगळ्यात जास्त लागते. पुण्यात कारची चाचणी भोसरीच्या आयडीटीआर (वाहनचालक प्रशिक्षण संस्था) ट्रॅकवर होते. तिथे जायचं असेल तर क्लासवाल्याला आठवडाभर फक्त रिव्हर्स एस (एस आकाराच्या वाटेवर गाडी मागे घेणं) शिकवायला सांगा. क्लासच्या फीचा तोच सगळ्यात चांगला उपयोग.

आता तो अर्धा गुण. पास झाल्यावर लायसन्स डिजिलॉकर आणि एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपमध्ये दिसू लागतं आणि ते कायद्याने ग्राह्य आहे. प्लास्टिकचं कार्ड यायला उशीर झाला तरी गाडी चालवायला अडत नाही. कार्ड स्पीड पोस्टाने येतं आणि इथे एक मोठी मेख आहे: ते आधारवरच्या पत्त्यावर जातं. गडहिंग्लजचा पत्ता आधारवर आणि राहणं हिंजवडीत, तर कार्ड गडहिंग्लजला. घर बंद असेल तर ते परत फिरतं. अशांनी एकतर आधी आधारवरचा पत्ता बदलून घ्यावा, नाहीतर आधारविना अर्ज करून सध्याच्या पत्त्याचा पुरावा घेऊन आरटीओत जावं. राज्यातलं कुठलंही आरटीओ चालतं. परीक्षा तिथल्या संगणकावर द्यावी लागते, एवढाच फरक. डिजिलॉकरवर लायसन्स दिसलं की नाव, जन्मतारीख आणि दोन्ही वाहनप्रकार लगेच तपासा. तिशीच्या आतल्यांना ते वयाच्या चाळिशीपर्यंत चालतं, तेव्हा चूक असेल तर दुरुस्तीचा अर्ज लगेच करून टाका.