फिल्म बाजार, गोवा: सहनिर्माता शोधणाऱ्यांसाठी

दर नोव्हेंबरात इफ्फीसाठी, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवासाठी, पणजीला जाणाऱ्या मराठी रसिकांपैकी अनेकांना त्याच दिवसांत मिरामारच्या किनाऱ्यालगत, मॅरियट हॉटेलात भरणारा फिल्म बाजार ठाऊक नसतो. त्यांचा तिथे संबंधही येत नाही, कारण तिथे लोक चित्रपट पाहण्यापेक्षा अजून न झालेल्या किंवा अर्धवट राहिलेल्या चित्रपटांसाठी माणसे आणि पैसा जुळवायला येतात. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाने २००७ मध्ये हा उपक्रम सुरू केला. २०२५ मध्ये त्याचे नाव वेव्हज फिल्म बाजार झाले, तरी व्यवसायातली माणसे अजून ‘बाजार’ एवढेच म्हणतात. महोत्सवाचे डेलिगेट कार्ड इथे चालत नाही; नोंदणी वेगळी आणि शुल्कही वेगळे. एका मराठी पटकथेची निर्माती म्हणून मी तिथल्या सहनिर्मिती विभागात पाच दिवस काढले, त्या अनुभवावरून हे लिहीत आहे.

या विभागाची खरी किंमत ठरवून दिलेल्या भेटींमध्ये आहे. निवडलेल्या प्रकल्पांची माहिती परदेशी निर्माते, सेल्स एजंट (चित्रपटाचे हक्क देशोदेशी विकणारे) आणि महोत्सवांचे निवडकर्ते यांच्याकडे आधीच पोहोचलेली असते, आणि ज्यांना रस वाटतो ते वेळ मागतात. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्यासमोर एक जर्मन निर्माती बसली. तिने कथा विचारलीच नाही. ती वाचूनच आली होती. अर्थनियोजनाचा तक्ता स्वतःकडे वळवून तिने ‘परदेशी सहनिर्माता: ३० टक्के’ या ओळीभोवती पेन्सिलीने गोल काढला आणि विचारले की, या चित्रपटाचे नेमके कोणते काम माझ्या देशात होणार आहे? आमच्याकडे उत्तर नव्हते. चित्रीकरण सगळे माणदेशात, संकलन पुण्यात आणि ध्वनिमिश्रण मुंबईत, असा आमचा हिशेब होता. मग तिने शांतपणे समजावले की, तिच्याकडच्या प्रादेशिक चित्रपट निधीतून जी रक्कम मिळते तेवढी, बहुतेकदा त्याहूनही जास्त, त्याच प्रांतात खर्च करावी लागते. त्यामुळे तिथले काम आणि तिथले तंत्रज्ञ चित्रपटात नसतील, तर तिला अर्जच करता येणार नाही. ग्रेडिंग (चित्रपटाच्या रंगांचे अंतिम संस्करण) आणि ध्वनिमिश्रण तिकडे नेले तर काय होईल, याचे आकडे आम्ही त्याच टेबलावर मांडून पाहिले. वर्षभर पटकथेचे खर्डे घासताना जे लक्षात आले नव्हते, ते त्या एका भेटीत कळले: परदेशी सहनिर्माता आपल्या खिशातले पैसे घेऊन येत नाही, तर आपल्याला जिथे एकट्याने अर्ज करता येत नाही अशा निधीची वाट घेऊन येतो.

जर्मनी, फ्रान्स, इटली, ब्रिटन, कॅनडा यांसह अनेक देशांशी भारताचे सहनिर्मितीचे करार आहेत, आणि करारानुसार अधिकृत दर्जा मिळालेला चित्रपट दोन्ही देशांत देशी चित्रपट मानला जातो. २०२४ मध्ये फ्रान्सच्या कान महोत्सवात ग्रां प्री हे दुसऱ्या क्रमांकाचे पारितोषिक मिळवणाऱ्या पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’मागे भारताबरोबर फ्रान्स, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग आणि इटलीतले निर्माते उभे होते. एवढ्या देशांची मोट बांधणे किती चिकाटीचे काम असेल, हे बाजारात वावरल्यावरच उमगते. भारतात होणाऱ्या परदेशी चित्रनिर्मितीसाठी आणि सहनिर्मितीसाठी आपल्या सरकारचीही प्रोत्साहन योजना आहे. २०२२ मध्ये जाहीर झाली तेव्हा ती भारतातल्या पात्र खर्चाच्या ३० टक्के, कमाल २ कोटी रुपये अशी होती. २०२३ मध्ये तीच ४० टक्के आणि कमाल ३० कोटींपर्यंत नेण्यात आली. मात्र ही रक्कम खर्चाच्या परताव्याच्या रूपाने मिळते, म्हणजे आधी पैसा उभा करावाच लागतो, आणि छोट्या मराठी निर्मात्याची अडचण नेमकी तिथेच असते. सरकारच्या मंजुरीपत्रावर हातउसना पैसा मिळवून देणारी एखादी व्यवस्था झाली, तर या योजनेचा लाभ आमच्यासारख्यांपर्यंत पोहोचेल, असे मला मनापासून वाटते.

ज्यांचा चित्रपट पूर्ण झाला आहे किंवा निदान रफ कट (संकलनाचा पहिला खर्डा) हातात आहे, त्यांनी सहनिर्मितीच्या निवडीची वाट न पाहता व्ह्यूइंग रूममध्ये जागा घ्यावी. शुल्क भरून तिथे चित्रपट ठेवता येतो आणि निवडकर्ते व वितरक तो आपल्या सवडीने पाहतात. ‘द लंचबॉक्स’ आणि ‘कोर्ट’सारखे चित्रपट बाजाराच्या वेगवेगळ्या विभागांतून पुढे गेले, ही गोष्ट नवख्यांना धीर देणारी आहे.

संध्याकाळच्या मेळाव्यांबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. ओळखी तिथे भराभर होतात, व्हिजिटिंग कार्डांचा गठ्ठा जमतो, पण सकाळच्या टेबलावर झालेल्या बोलण्याची सर त्यांना येत नाही. एका परदेशी सेल्स एजंटने मेळाव्यात मोठ्या अगत्याने दुसऱ्या दिवसाची वेळ दिली आणि तो आलाच नाही. निरोपही आला नाही. त्याची वाट पाहण्यात आमचा एक तास गेला, आणि त्याच वेळेत मला ऐकायचे होते ते सहनिर्मिती करारांवरचे सत्र हुकले.

पटकथा अजून कच्ची असेल, तर सहनिर्मिती विभागाची घाई करू नये. पटकथालेखकांसाठी बाजाराचीच वेगळी कार्यशाळा आहे, तिथे आधी अर्ज करावा. पटकथा पक्की असेल, तर जाण्यापूर्वी ज्या देशाकडून मदत हवी आहे तिथल्या निधींचे नियम वाचावेत, आणि तक्त्यात प्रत्येक परदेशी रुपयासमोर त्याचे काम लिहावे. आम्ही परत आल्यावर तेच केले. फेब्रुवारीत त्या जर्मन निर्मातीचे पत्र आले, सुधारित तक्ता मागणारे. पेन्सिलीने गोल काढलेल्या त्या ओळीसमोर आता ध्वनिमिश्रणाचे चार आठवडे आणि ग्रेडिंगचे दोन आठवडे लिहिलेले आहेत, आणि तिचा तिथल्या निधीकडचा अर्ज तयार होतो आहे.